हाईकला जाताना

इथे सूर्य उगवला की घड्याळ सुरू होतं.
आपले सकाळचे सात, त्यांचा एक.
सहाला तर शब्दशः बारा वाजलेले असतात
आणि घरमालकीण वैझेरो अस्कालेच
निलगिरीच्या पाल्यावर चूल पेटवते,
घरभर सर्दीच्या औषधाचा वास.

पंचांगही निराळं. महिने तेरा,
तेरावा पाचच दिवसांचा, बिनपगारी.
साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे,
त्या हिशेबाने मी अजून तिशीच्या अलीकडे.
गणिताच्या बाईने असले हिशेब करू नयेत.

नववी ब. पट त्रेसष्ट, बाकं एकवीस.
हजेरी घेताना जीभ अजून ठेचकाळते:
अस्रात गोबेझे. हयात सेइद. झेब्दर मुहिये.
आधी स्वतःचं नाव, मग बापाचं. आडनाव नाहीच.
पहिल्या दिवशी मी फळ्यावर माझं लिहिलं, तिन्ही शब्द,
तर मागून कुणीतरी विचारलं,
बाई, हा तिसरा कोण?
म्हटलं, ते एक गाव आहे.
मी पाहिलेलं नाही.

शनिवारी वह्या तपासायच्या असतात.
तपासत नाही.
स्टँडवर मिनीबसच्या दारात लोंबकळणारा पोरगा ओरडतो
हाईक हाईक हाईक हाईक
आणि मला दर वेळी ऐकू येतं: ऐक, ऐक, ऐक.
मग बसते.
पायाशी कुणाची तरी बांधलेली कोंबडी.
खिडकी उघडू देत नाहीत, वाऱ्याने दुखणं येतं म्हणतात.
शेजारची म्हातारी विचारते, हिंद?
मी मान हलवते, आपली ती हो-नाहीच्या मधली,
तिने त्यातून काय घेतलं देव जाणे,
मूठभर भाजलेले जव माझ्या ओंजळीत ओतले.

तळं निळं नव्हतं. ढगाखाली, पत्र्यासारखं.
काठाकाठाने मठाच्या फाटकापर्यंत गेले.
पिवळ्या शालीतल्या साधूने हात वर केला,
रागाने नाही, रहदारीच्या पोलिसासारखा:
बायकांना इथवरच.
असे उंबरे मी घरीही पाहिलेत,
त्यामुळे वाईट वाटायला जरा उशीरच झाला.

दगडावर बसून जव चघळत होते,
तर समोर अस्रात. शेवटच्या बाकावरचा.
अनवाणी, हातात दोरीला ओवलेले चार मासे.
बाई! तुम्ही?
जणू शुक्रवारी संध्याकाळी आम्हाला
डस्टरबरोबर कपाटात कुलूप लावून ठेवतात.

मी फाटकाकडे बघितलं. तोही बघून चुकला.
मासे गवतावर ठेवले, काडी घेतली,
ओल्या वाळूत एक वर्तुळ काढलं,
त्यात दुसरं, त्यात तिसरं.
मोडक्या इंग्रजीत, अगदी माझ्याच सुरात म्हणाला,
केंद्रबिंदू एकच, लक्षात ठेवा.
बाहेरच्यात गाणारे.
मधल्यात उपास धरलेले.
आणि आतलं?
धर्मगुरूंचं.
मी सवयीने विचारून बसले, त्याची त्रिज्या किती?
त्याने काडीचं टोक दाताखाली धरलं.
माहीत नाही, बाई.
तिथे मलापण सोडत नाहीत.

वर एक घार नुसती तरंगत होती. माशांवर डोळा असणार.
आम्ही दोघं बराच वेळ त्या तिसऱ्या वर्तुळाकडे बघत बसलो,
मग पाणी आलं आणि बाहेरचं अर्धं नेलं.

मासे त्याने तीन विकले. चौथ्याचे पैसे घेईना.
मी मासे खात नाही, हे सांगायला मला अम्हारिक येत नव्हतं
आणि इंग्रजीत सांगायची इच्छा नव्हती.
अस्कालेचने तो तिखटात तळला,
एकाच ताटातून आम्ही दोघी जेवलो,
घास तिने माझ्या तोंडात भरवला, इथली रीत.
काटे मात्र मीच काढले.

सोमवारी, त्यांच्या दोन वाजता, चाचणी.
प्रश्न तिसरा: वर्तुळाची त्रिज्या काढा.
अस्रात गोबेझेने सुबक वर्तुळ काढलं होतं,
खाली एकच ओळ: आत गेलेलो नाही.

लाल पेन उचललं, टोपण लावलं,
पुन्हा काढलं.
अर्धा गुण दिला.
कुठल्या पायरीला, ते लिहिलं नाही.